दाजींबरोबरची भागीदारी फिसकटलीय. लवाद/मध्यस्थीसाठी वकील कसा शोधायचा?

लेथवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फौंड्र्यांकडून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. २०११ साली मी आणि दाजी (थोरल्या बहिणीचे यजमान) यांनी भागीदारीत काढलं. पैसा बराचसा माझा, गिऱ्हाईक त्यांचं. आज दोन व्हीएमसी, तीन सीएनसी मशीनं, सोळा माणसं. पहिली दहा वर्षं हिशेब विचारायची वेळच आली नाही. दोन वर्षांमागं दाजींनी कागल पंचतारांकित एमआयडीसीत मुलाच्या नावानं शेड घेतली आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हळूहळू तिकडं सरकलं. विचारलं तर म्हणाले, "त्याचं त्यानं मिळवलंय." माझ्या हिशेबानं भांडवल आणि न मिळालेला नफा धरून ६० लाख येणं आहे. त्यांच्या हिशेबानं मीच त्यांचं देणं लागतो.

यंदा भाऊबीजेला ताई आली, ओवाळलं, आणि ताटावर न बसताच रिक्षा बोलावून गेली. तेव्हापासून झोप नाही.

आत्तापर्यंत तीन वकील गाठले. पहिल्यानं खुर्चीत बसायच्या आत सांगितलं, "फसवणुकीची फिर्याद देऊ, चार दिवसांत तडजोडीला येतोय का नाही बघा." दुसऱ्यानं वसुलीतले दहा टक्के मागितले. तिसऱ्यानं कागद ठेवून घेतले, पंधरा दिवसांनी फोन केला तर ज्युनिअर म्हणतो, "कुठली केस?"

भागीदारीपत्रात लवादाचं कलम आहे म्हणतात, म्हणजे वाद कोर्टाबाहेर नेमलेल्या माणसानं ऐकून निकाल द्यायचा. मला कोर्टात बारा वर्षं घालवायची नाहीत आणि ताईच्या नवऱ्याला पोलीस स्टेशनात बसवायचं नाही. असली कामं करणारा वकील कोल्हापुरात मिळतो, की पुण्या-मुंबईलाच जावं लागतं? आणि तो चांगला आहे हे ओळखायचं कसं?

रंकाळा_भेळ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

दोघांना रंकाळ्यावर घेऊन जावा, एक एक भेळ घाला, मिटतंय बघा.

लेथवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५८

दाजींना ॲसिडिटी आहे.

काळा_कोट_सातारा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी वकील आहे, साताऱ्यात. तुमची केस घेणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

पहिल्या दोघांना तुम्ही सोडलंत ते बरं केलंत. वसुलीत टक्का मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जो आपलाच नियम मोडतो तो तुमचा कागद काय सांभाळणार? फौजदारीची धमकी देऊन दिवाणी हिशेब वसूल करणं हा आमच्याकडचा जुना रोग आहे. त्यानं माणूस तडजोडीला येतो कधीकधी, पण येताना दात धरून येतो. तुमच्या बाबतीत तर तो भाऊबीजेलाही यायचा.

वकील शोधण्याआधी एक काम करा. लवादाचं कलम काय म्हणतं ते शब्दाला शब्द इथं लिहा, नावं गाळून. कलम न वाचता "बघून घेऊ" म्हणणारा वकील नको, तसंच कलम न वाचता सल्ला देणारी मीही नको.

लेथवाला | १३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत कपाटातून काढलं. इंग्रजीत आहे, अर्थ असा: भागीदारांत काहीही वाद झाल्यास तो फर्मचे सीए श्री. अमुक यांच्या एकट्याच्या लवादाकडे सोपवावा, त्यांचा निर्णय बंधनकारक, आणि कामकाज आर्बिट्रेशन ॲक्ट १९४० प्रमाणे. शंभराचा स्टँप आहे. सीए अजून आमचेच आहेत, दोघांचेही, आणि कागलच्या शेडचेही.

ताळेबंद | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

सीए आहे मी, पण तुमचा नाही. हसू आलं, क्षमस्व. १९४० चा कायदा १९९६ साली गेला आणि २०११ च्या भागीदारीपत्रात तो जिवंत! आमच्याच धंद्यातले लोक जुना फॉरमॅट काढतात, नावं बदलतात, प्रिंट मारतात. मीही केलंय.

काळा_कोट_सातारा | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आता बोलता येईल. तुमच्या कलमात दोन गाठी आहेत, आणि कोणता वकील त्या पहिल्या भेटीत ओळखतो, हीच तुमची परीक्षा.

पहिली गाठ १९४० ची. तिच्यानं कलम मरत नाही. सुप्रीम कोर्टात २०१८ साली नेमकं असंच प्रकरण गेलं होतं, पुरुषोत्तम विरुद्ध अनिल. २००५ चं भागीदारीपत्र आणि त्यात १९४० चा कायदा. कोर्ट म्हणालं, चुकीच्या कायद्याचा उल्लेख झाला म्हणून लवादाचा करार रद्द होत नाही, कामकाज १९९६ च्या कायद्यानं चालेल.

दुसरी गाठ सीएची, ती जास्त घट्ट. २०१५ च्या दुरुस्तीनं त्याच १९९६ च्या कायद्यात कलम १२(५) आणि सातवी अनुसूची आली. पक्षकाराचा सल्लागार किंवा त्याच्याशी धंद्याचा संबंध असलेला माणूस आर्बिट्रेटर (लवाद चालवून निवाडा देणारा) होऊ शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोघांनी लेखी संमती दिली तरच सूट. तुमचे सीए तर दोन्हीकडचे, वर कागलच्या शेडचेही. ते बसले आणि वर्षभर कामकाज झालं, तरी निवाडा पुढं कोर्टात उडू शकतो. म्हणजे दुसरा आर्बिट्रेटर दोघांनी एकमतानं ठरवायचा, आणि नोटिशीनंतर तीस दिवसांत जमलं नाही तर कलम ११ खाली हायकोर्टाकडे अर्ज.

त्यासाठी आता मुंबईची रात्रीची बस धरायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. सातारा-सांगलीकरसुद्धा आता तिथंच येतात.

सेक्रेटरी_बळंच | १३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

डोंबिवलीहून लिहितोय. आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीचा ठेकेदार काम अर्धं टाकून गेला. करारात लवाद होता. मी सेक्रेटरी, म्हणजे नाव बघा. अनुभव सांगतो.

वकील नामांकित घेतला. पहिल्या बैठकीला स्वतः आला, नंतर ज्युनिअर. ज्युनिअरला गळतीची पट्टी आणि प्लास्टर यातला फरक माहीत नव्हता. आर्बिट्रेटर साहेबांनी फोटो दाखवायला सांगितले तेव्हा त्यानं दुसऱ्याच इमारतीचे फोटो काढले. शेवटी मीच मोबाईलमधून दाखवले. वर्ष सरलं, चौदा महिन्यांनी निवाडा आला, आमच्या बाजूनं. ठेकेदार तो रद्द करून घ्यायला कलम ३४ खाली कोर्टात गेला. अजून तिथंच आहे.

लवाद म्हणजे कोर्टाची शॉर्टकट गल्ली असं कुणी सांगितलं तर खर्च विचारा. आर्बिट्रेटरची फी, जागेचं भाडं, स्टेनो, वकिलाची प्रत्येक बैठकीची फी, आणि तारीख पुढं गेली तरी लागणारी फी. ही शेवटची ओळ आमच्या पत्रात बारीक अक्षरात होती.

ताळेबंद | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

लेथवाले, आकडाच मांडतो. १९९६ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आर्बिट्रेटरच्या फीचा तक्ता आहे. २० लाख ते १ कोटीच्या वादाला ९७,५०० रुपये, अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ३ टक्के. तुमचे ६० लाख धरले तर २,१७,५०० होतात. एकटाच आर्बिट्रेटर असेल तर त्यावर आणखी २५ टक्के, म्हणजे २,७१,८७५. दाजींनी उलटा दावा केला तर त्याची फी वेगळी. २०२२ च्या ओएनजीसी-ॲफकॉन्स निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. आर्बिट्रेटरला मनानं फी वाढवता येत नाही हेही त्यातच आहे. वकिलाचे पैसे यात धरलेले नाहीत.

शंभराच्या स्टँपचं टेन्शन घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलंय की स्टँप कमी असला म्हणून लवादाचं कलम रद्द ठरत नाही, कमतरता भरून काढता येते. दंड मात्र भरावा लागेल, तोही वकिलाला आधीच विचारून ठेवा.

गावाकडचा_पंच | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

एवढे लाख कशाला. घरातली चार वडीलधारी बसवा. आमच्याकडं बांधाचं भांडण चावडीवर मिटतं, फी म्हणजे चहा.

मधली_सून | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पंचदादा, आमच्याकडंही चार वडीलधारी बसले होते. त्यातले तीन माझ्या मोठ्या दिरांकडं जेवून आले होते.

पुण्यात सासऱ्यांच्या पश्चात वाटपाचा दावा लागला, कोर्टानंच आम्हाला मध्यस्थी केंद्रात पाठवलं. तोवर मला वाटायचं मध्यस्थ म्हणजे पंचच, फक्त कोटातला. तसं नव्हतं, निकाल त्या देणारच नव्हत्या. त्या बाईंनी आम्हाला एकत्र बसवलं अर्धा तास, मग एकेकाला वेगळं. माझ्याशी बोलताना म्हणाल्या, "इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून जात नाही. आता सांगा, फ्लॅट खरंच हवाय का?" मी पहिल्यांदाच खरं बोलले: फ्लॅट नको होता. सासूबाईंच्या देवघरातले टाक मोठ्या घरी गेले होते आणि माझ्या नवऱ्याला कुलधर्मालासुद्धा हात लावू दिला नव्हता. सात वर्षं आम्ही चौरस फुटांवर भांडत होतो. टाकांची गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती.

आता वकिलांबद्दल, कारण धागा त्याचा आहे. दिरांचे वकील दर वाक्याला "ऑब्जेक्शन" म्हणायचे. मध्यस्थ बाईंनी दोनदा सांगितलं की इथं ऑब्जेक्शन नसतं. आमच्या वकील बाई दोन तास गप्प. मी मनात म्हटलं, कशाला पैसे दिले? तिसऱ्या बैठकीत मी रागाच्या भरात एका आकड्याला हो म्हणणार होते, तेव्हा त्यांनी हळूच चिठ्ठी सरकवली: "स्टँप ड्युटी कोण भरणार ते आधी." त्या एका चिठ्ठीत फी वसूल झाली.

इचलकरंजी_माग | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

सगळं खरं, पण लेथवाल्यांचं गिऱ्हाईक रोज कागलला चाललंय. मध्यस्थीत तीन महिने चहा पिईपर्यंत शॉपमध्ये शिल्लक काय राहील? माझ्या पार्टनरनं असंच केलं, बोलू बोलू म्हणत सूत विकून मोकळा झाला. आधी कोर्टातून मशीन आणि बँक खातं धरून ठेवा, मग बोला.

काळा_कोट_सातारा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

माग यांचा मुद्दा कच्चा नाही. लवादाआधी किंवा चालू असताना कलम ९ खाली अंतरिम आदेश मागता येतो: मशीन हलवू नये, खात्यातून एकाच्याच सहीनं पैसे काढू नयेत. फक्त आदेश मिळाला की नव्वद दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. पण हा अर्ज केला की दाजी वकील करणार, त्यांचा वकील उत्तरात तुमच्याबद्दल चार वाईट गोष्टी लिहिणार, आणि त्या तुमच्या ताई वाचणार. त्यामुळं मशीन खरंच हलतंय का, की नुसतं गिऱ्हाईक? गिऱ्हाईक कलम ९ नं सहजासहजी बांधता येत नाही.

मला विचाराल तर क्रम असा. कलम २१ ची नोटीस पाठवायचीच. ती समोरच्याला मिळेल त्या दिवसापासून लवाद सुरू झाला असं धरतात आणि दाव्याच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. पण नोटीस एक पान, हिशेबापुरती, "फसवणूक" हा शब्द न लिहिता. शेवटी एक ओळ: आर्बिट्रेटर ठरवण्याआधी मध्यस्थासमोर बसायची तयारी आहे. ही नोटीस वकिलाला लिहायला सांगा आणि पाठवण्याआधी वाचा. वकील कसा आहे ते या एका पानावर कळतं. ज्याला विशेषणं आवरत नाहीत तो मध्यस्थीला उपयोगाचा नाही.

(भागीदारीपत्रात लवादाचं कलमच नाही अशा वाचकांसाठी: तीन लाख आणि वरच्या व्यापारी वादात, तातडीची मनाई मागायची नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२अ. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर त्यात पळवाट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, मध्यस्थीची फी दोघांत निम्मी.)

लेथवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मशीन हलत नाही, खात्याला दोघांच्या सह्या लागतात. नुसतं गिऱ्हाईकच. म्हणजे कलम ९ तूर्त बाजूला.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. वकील कुठं सापडतो? पाटी बघून?

काळा_कोट_सातारा | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळं ज्याची जाहिरात दिसेल तो तसाच वजा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं केसेस शोधता येतात. लवादाची कामं तिथं दिसत नाहीत, पण त्यातून निघालेले कलम ९ आणि ३४ चे अर्ज जिल्हा कोर्टात दिसतात, ११ चे हायकोर्टात. दोन-चार सापडले तर माणूस त्या वाटेनं गेलेला आहे. मध्यस्थीसाठी कसबा बावड्यात कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात चौकशी करा. तिथले वकील-मध्यस्थ चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेले असतात. ते तुमचे मध्यस्थ आणि तुमचे वकील एकाच वेळी होऊ शकत नाहीत, पण त्यांच्यातला एखादा तुमचा वकील म्हणून घेतलात तर त्याला समोरच्या खुर्चीतून कसं दिसतं ते माहीत असतं.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "मिटलं तर त्या कागदाला डिक्रीचं (कोर्टाच्या हुकूमनाम्याचं) बळ कुठून आणणार?" २०२३ चा मध्यस्थता कायदा आला, पण त्याची सगळी कलमं एकदम लागू केली गेली नाहीत. तुमच्याकडं लवादाचं कलम आहे, तर सरळ वाट म्हणजे आर्बिट्रेटर नेमून त्याच्याकडून कलम ३० खाली संमतीचा निवाडा घ्यायचा. नुसत्या पाचशेच्या स्टँपवर सह्या घेऊ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

सेक्रेटरी_बळंच | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

आणि "बैठकीला तुम्ही येणार की ज्युनिअर" हे लेखी घ्या. लेखी.

लेथवाला | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

उशीर झाला, शिपमेंट होतं. सांगायला आलोय.

आणखी दोघांना भेटलो. एक मोठे ऑफिस, एसी, भिंतीवर हार घातलेले फोटो. त्यांनी कलम वाचलं, १९४० ओळखलं, सीएबद्दल विचारल्यावर म्हणाले, "त्याला आपण मॅनेज करू." उठलो.

दुसऱ्या बाई, शाहूपुरीत, जिन्याखालची खोली. ई-कोर्ट्सवर त्यांच्या नावावर कलम ३४ चे तीन सापडले होते. गेलो तेव्हा त्यांनी फीचं नावच काढलं नाही, कागद मागितला. कलम वाचलं आणि पहिला प्रश्न: "सीए अजून तेच आहेत का?" मी म्हटलं हो. मग शेवटचे पाच ताळेबंद मागितले. मग म्हणाल्या, "६० लाखांत नफ्याचे किती आणि रागाचे किती?" मी गप्प. त्यांनीच पेन्सिलीनं आकडा मांडला, ४१ आला. राग लागला खरा, पण पहिल्यांदा कुणीतरी हिशेब केला.

फी त्यांनी एका कागदावर लिहून दिली. नोटीस आणि चार मध्यस्थी बैठका एकत्र ठोक, लवाद झालाच तर पुढचं वेगळं, तारीख पुढं गेली तर पैसे नाहीत. ज्युनिअरचं विचारलं तर हसल्या, ज्युनिअरच नाही त्यांच्याकडं.

नोटीस एक पान झाली. "दाजी" शब्द नाही, "फसवणूक" नाही. पाठवायच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "ताईंना फोन करून सांगा असा कागद येणार आहे. पोस्टमननं सांगायला नको." केला फोन. ताई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "किती पानं आहेत?" म्हटलं एक. "बरं," म्हणाली.

इचलकरंजी_माग | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

मी अजून म्हणतो कलम ९ तयार ठेवा.

लेथवाला | ९ डिसेंबर, रात्री १०:४४

टाइप करून ठेवलाय. फाइलमध्ये आहे.

लेथवाला | १९ जानेवारी, रात्री ९:५०

दाजींनी वकिलामार्फत उत्तर दिलं, तेही दोन पानांचंच. मध्यस्थाच्या नावावर एकमत झालं, निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहेत. दोन बैठका झाल्या. पहिलीत दाजींनी माझ्याकडं पाहिलंच नाही. दुसरीला ताई सोबत आली होती, बाहेरच्या बाकावर बसून होती. मधल्या सुट्टीत तिच्याकडं डबा होता, थालीपीठ. मला अर्धं दिलं. काही बोलली नाही.

वेगळ्या खोलीत मध्यस्थांनी मला विचारलं की शॉप चालवायचंय का पैसे हवेत. मला वाटायचं पैसे. तोंडातून आलं, शॉप. तर आता गाडी अशी चाललीय: शिरोली मी ठेवायचं, ते गिऱ्हाईक कागलला राहायचं, एक व्हीएमसी त्यांच्याकडं जायची आणि फरकाची रक्कम दीड वर्षात हप्त्यानं. घोडं किमतीवर अडलंय. मशीन २०१४ ची, पुस्तकात घसारा जाऊन जवळजवळ शून्य, बाजारात चांगली किंमत आहे. दाजी पुस्तकातली धरतात, मी बाजारातली. ताळेबंद साहेब, काय धरायचं?

ताळेबंद | २० जानेवारी, सकाळी १०:२०

भागीदार वेगळा होताना पुस्तकातली किंमत धरणं बरोबर नाही, पण त्यावर वाद घालत बसू नका. दोघांच्या संमतीनं एकच व्हॅल्युअर बोलवा, तुमच्या सीएच्या ओळखीचा नको. मशीन चालू अवस्थेत दाखवा, स्पिंडलचे तास आणि शेवटच्या दोन सर्व्हिसची बिलं काढून ठेवा. आणि जीएसटीचं बोला: व्हीएमसी फर्ममधून बाहेर गेली की त्यावर कर लागू शकतो, तो कोण भरणार ते तडजोडीच्या कागदात यायला हवं. मधल्या सूनबाईंची चिठ्ठी आठवते ना.

लेथवाला | २० जानेवारी, दुपारी १:३५

सर्व्हिसची बिलं दाजींच्या ड्रॉवरमध्ये असतात. संध्याकाळी फोन करतो त्यांना.